सूचनांसाठी दोन ओळी

त्या सोमवारी बर्गे सर वर्गात हसत आले आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. तीन वर्षांत त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. चिडलेले सर आम्हाला पाठ होते, पण हसणाऱ्या सरांशी कसं वागायचं हे कुणालाच माहीत नव्हतं.

"अभिप्राय आला," सर म्हणाले. "शेवटच्या दोन ओळी कुणीतरी फार मन लावून लिहिल्यात. लिहिणाऱ्याला वाटतं, नाव टाकलं नाही म्हणजे सुटलो. तीन वर्षं आपल्या सगळ्यांच्या जर्नल्स तपासतोय हो मी."

मग त्याच आवाजात पुढे म्हणाले, "सातवा प्रयोग सगळ्यांनी पुन्हा लिहून आणायचा. हाताने. शुक्रवारी दाखवायचा, तेव्हाच सही."

आता एवढ्यावरून काय ते कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. त्यांना अक्षर ताडून बघायचं होतं.

त्या ओळी मी लिहिल्या होत्या. दरवर्षी शिक्षकांबद्दलचा अभिप्राय मोबाईलवर, नाव न टाकता भरायचा असतो, पण या वेळी सर्व्हर बंद होता म्हणून छापील फॉर्म वाटले. वरती दहा प्रश्न, खाली 'सूचना' म्हणून दोन ओळींची जागा. मी तिथे लिहिलं की सर शिकवत नाहीत, अपमान करतात. साईनाथ त्यांच्यामुळे कॉलेज सोडून गेला.

साईनाथ खराडीचा. बोलताना अडखळायचा, पण मोटार उघडून बसला की भल्याभल्यांना ऐकायचा नाही. सर त्याला रोज उभं करून व्याख्या म्हणायला लावायचे आणि तो अडखळला की त्याच्यासारखंच अडखळून पुढचा प्रश्न विचारायचे. वर्ग हसायचा. मीही हसले आहे, खोटं कशाला बोलू? आपल्यावर पाळी आली नाही, या आनंदाचंच ते हसू असायचं. दिवाळीनंतर तो आलाच नाही. फोनही उचलत नाही.

माझ्यावर पाळी यायची तेव्हा सर विचारायचे, "वाशीमला लाइट पोचली का हो? मग आपण इलेक्ट्रिकलला कशाच्या भरवशावर आलात?"

सही नाही म्हणजे परीक्षेला बसता येत नाही. माझ्या घरी अट स्पष्ट होती. बाबांनी पुण्याला पाठवतानाच सांगितलं होतं, एक वर्ष जरी वाया गेलं तरी सामान बांधायचं आणि वापस यायचं. आत्याने एक स्थळ तेव्हापासूनच धरून ठेवलंय.

त्या आठवड्यात आमच्या वर्गाने जो तमाशा केला त्याला तोड नाही. न लिहिणाऱ्यांनाही आपलंच अक्षर जुळेल अशी धास्ती होती. समर्थने अक्षर डावीकडे झुकवलं. दिग्विजयने बहिणीकडून लिहून घेतलं. मी कात्रजच्या खोलीवर बसून गोल गोल अक्षरं गिरवली, आणि मग लक्षात आलं की एकटा सातवा प्रयोग वेगळा दिसेल. म्हणून बाकीचे नऊही पुन्हा लिहिले.

तरी एक काटा होताच. फॉर्म भरताना माझ्या शेजारी उत्कर्षा बसली होती. विश्रांतवाडीची, आमची सीआर म्हणजे वर्गप्रतिनिधी, आणि माझी पुण्यातली पहिली मैत्रीण. तिने माझा कागद वाचला होता. "बरं केलंस," एवढंच म्हणाली होती.

बुधवारी तीच उत्कर्षा सरांच्या केबिनमधून बाहेर पडताना दिसली. मान खाली.

"कशाला गेली होतीस?" मी विचारलं.

"काही नाही गं. सीआरची कामं."

"एवढा वेळ?"

"पूर्णिमा, जाऊ दे ना प्लीज."

जाऊ दे? माझं वर्ष जायची वेळ आली होती. मग मला सगळंच दिसायला लागलं. ती डब्याला माझ्यासोबत बसली नाही. मी आल्यावर तिने मोबाईल उलटा ठेवला. प्रॅक्टिकलला सर माझ्या टेबलापाशी थांबले, माझ्या हाताकडे बघितलं आणि पुढे गेले. संशयाचं असं असतं की एकदा घरात घेतला की तोच मालक होऊन बसतो. गुरुवारी रात्रीपर्यंत मला खात्री झाली होती: हिने मला विकलं.

शुक्रवारी मी केबिनमध्ये गेले. सर जर्नलची पानं उलटत राहिले. पंखा फिरतोय, पान उलटतंय. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या, त्याची सवय होती.

"काही सांगायचंय?" त्यांनी वर न बघता विचारलं.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, ते मी नाही लिहिलं. फॉर्मवरचं. ते उत्कर्षाने लिहिलं."

सरांनी पेन खाली ठेवलं. "असं?"

"अक्षर बघा ना सर, तिचंच आहे."

"अक्षर?" ते पुन्हा तसेच हसले. "फॉर्म आम्हाला कोण दाखवतं? ऑफिसमधून टाइप केलेला कागद येतो. जर्नल्सचं मी नुसतं घाबरवायला म्हटलं."

"मग सातवा प्रयोग..."

"तो सगळ्यांनी समर्थचा छापला होता. चुकीसकट. चाळीस जणांच्या ग्राफला एकाच ठिकाणी खड्डा! मला काय आंधळा समजता?" त्यांनी माझ्या जर्नलवर सही ठोकली. "बुधवारी तिलाच विचारलं होतं, कोणी लिहिलं म्हणून. अर्धा तास उभी केली. सही देणार नाही म्हटलं तरी तोंड उघडेना. का उघडेना ते आता कळलं. तुम्ही हुशार निघालात हो वाशीमकर."

"थँक यू, सर," मी म्हणाले. खरंच म्हणाले. इतकी लाज मला आजवर कशाची वाटली नाही.

बाहेर बाकावर उत्कर्षा बसली होती, जर्नल मांडीवर घेऊन. मला बघून उठली.

"झाली सही?"

मी मान हलवली.

"हुश्श! अगं, बुधवारपासून टेन्शन आलं होतं. तुला सांगितलं असतं तर तू घाबरून स्वतःच जाऊन कबूल केलं असतंस, म्हणून बोलले नाही." तिने माझा हात दाबला. "मी तुझं नाव घेतलेलं नाही हं. निश्चिंत राहा."

आतून सरांनी तिला हाक मारली. तिने ओढणी सारखी केली आणि आत गेली. दार लोटलं गेलं.

मला फक्त ते दार ढकलून एक वाक्य बोलायचं होतं. पण बोलले तर सही खोडली जाणार होती. आतून सरांचा आवाज चढत गेला, आणि मी जर्नल छातीशी धरून बाकावर बसून राहिले.