तळ कोरडा होता

मी गरम पाण्याचा टब आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. मित्रांनो, मला न्हाणीघरातल्या बादलीचा थोरला भाऊ समजू नका. माझ्यात चार माणसं ऐसपैस बसतात. माझ्या पोटात पंप आहे, हीटर आहे, आणि अंगभर फवाऱ्यांची एकवीस तोंडं आहेत. त्या तोंडांपर्यंत पाणी नेणाऱ्या नळ्या माझ्या कातडीमागून वळसे घेत जातात. त्या कुणाला दिसत नाहीत, आणि जे दिसत नाही ते कुणाच्या लक्षातही राहत नाही. माझं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

कारखान्यात प्लास्टिकचा जाड पत्रा तापवून साच्यावर ओढला, तो मी. मग मला पालथा घालून दोन बायकांनी नळ्या जोडल्या. एकजण प्रत्येक जोड हिसका देऊन बघत होती.

"अगं, किती ओढशील? तुटेल की!" दुसरी म्हणाली.

"तुटायचं तर इथंच तुटू दे."

माझी इतकी काळजी पुढे बरीच वर्षं कुणी केली नाही. पहिली आठ वर्षं मी एका व्यायामशाळेत काढली. लोक यायचे, बसायचे, "वा, काय बरं वाटलं!" म्हणायचे आणि टॉवेल विसरून जायचे. व्यायामशाळा बंद पडली तेव्हा एका रंगाऱ्याने मला घरी आणलं आणि मागच्या अंगणात बसवलं. स्वतःसाठी नव्हे, वडिलांसाठी.

वडिलांना सगळी गल्ली मास्तर म्हणायची. चाळीस वर्षं त्यांनी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलं होतं. आता संधिवाताने बोटं वाकली होती. ट्रम्पेटची तीन बटणं दाबायला तीनच बोटं लागतात, पण ती तीनही त्यांचं ऐकेनात. रोज सकाळी अर्धा तास माझ्यात हात बुडवून बसले की बोटं सुटायची. मग अंग पुसून, स्वेटर चढवून ते मागच्या पायरीवर बसत आणि वीसेक मिनिटं वाजवत. तेवढ्यात बोटं पुन्हा आखडत. "संपला आजचा कोटा," म्हणत ते ट्रम्पेट खाली घेत, त्याच्या पोटाखालचा छोटा चाप दाबत आणि जोरात फुंकत. आत साठलेलं श्वासाचं पाणी टपटप पायरीवर पडे.

"बाबा, पायरी आत्ताच पुसलीय हो!" सून रोज म्हणायची.

"पाणी आत ठेवलं तर उद्या सूर घोगरा लागतो," मास्तर रोज सांगायचे. दोघांनाही ते पाठ झालं होतं.

आमच्याकडे थंडी कडाक्याची. सकाळी अंगणातल्या बादलीवर टिचकी मारली तर टक् असं वाजतं, कारण आत पाणी नसतं, बर्फ असतो. माझा हीटर बारा महिने चालू असे, म्हणून मला त्याचं काही वाटत नसे. पण एका वर्षी ऐन थंडीत मास्तरांच्या लेकीचा पाय मोडला. तिची मुलगी सहा वर्षांची, घरात दुसरं कुणी नाही. सगळ्यांनी दोन महिने तिच्याकडे जायचं ठरलं. घर बंद, वीज बंद. म्हणजे मला रिकामं करणं आलं.

रंगाऱ्याने बूच काढलं, पाइप लावला, पाणी गटारात सोडलं. तळ फडक्याने पुसला आणि वर बोट फिरवून पाहिलं. ही त्याची धंद्यातली सवय. भिंत वाळली की नाही, हे तो बोटानेच ठरवतो, आणि भिंतीच्या बाबतीत तो कधी चुकत नाही.

"कोरडा ठणठणीत," तो म्हणाला.

"नळ्यांतलं काय?" मास्तरांनी विचारलं. "फुंकून काढ ते."

"बाबा, हा टब आहे, ट्रम्पेट नाही! चला, गाडी आली."

मास्तर "तुला जास्त कळतं बाबा" असं पुटपुटत गेले. माझ्या पंपाच्या पोटात आणि नळ्यांच्या वळणांत पाणी होतं. मला माहीत होतं. पण मला कोण विचारतो?

पाणी गोठताना फुगतं. नळीला फुगता येत नाही. आठव्या दिवशी पंपाला तडा गेला, मग दोन जोड फुटले. दुखलं का? दुखलं. पण गोठलेलं असेपर्यंत त्या तड्यांतून थेंबही येत नाही. त्यामुळे सगळे परत आले तेव्हा मी बाहेरून अगदी धडधाकट दिसत होतो. रंगाऱ्याने मला काठोकाठ भरलं, आणि घटकाभरात अंगणात तळं झालं.

नळकाम करणारी बाई आली. तिने माझ्या बाजूची फळी काढून आत डोकं घातलं.

"पाणी काढलं नव्हतं का?"

"थेंब ठेवला नव्हता हो! हात फिरवून बघितलं होतं."

"तळाला फिरवलात. नळीत जातो का तुमचा हात?"



माझ्या बनावटीचा पंप सहजासहजी मिळेना. तो शोधण्यात अख्खा उन्हाळा गेला. आणि नेमकी त्याच उन्हाळ्यात नात राहायला आली. "सुट्टीत ये, वाजवून दाखवतो," असं आजोबांनी तिला कबूल केलं होतं. सुनेने बादलीत गरम पाणी दिलं, पण बोटं सुटायच्या आत ते निवायचं. मास्तरांनी ट्रम्पेट ओठाला लावलं. पहिलं बटण दबलं. तिसरं काही केल्या दबेना.

"आजोबा, तुम्हाला खरंच येतं ना?" नातीने विचारलं.

"येतं," एवढंच म्हणून त्यांनी ट्रम्पेट पेटीत ठेवून दिलं. रंगारी तिथेच ब्रश धूत बसला होता. तो उठून अंगणात आला आणि माझ्या काठावर बराच वेळ बसून राहिला. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. स्वतःबद्दल नव्हे, त्या दोघांबद्दल.

पुढे पंप मिळाला. बाईने तो बसवला आणि बजावलं, "हा शेवटचा. परत फुटला तर टब भंगारात." म्हणजे मास्तरांची बोटंही गेलीच की!

पुढच्या थंडीत पुन्हा लेकीकडे जायचं ठरलं. या वेळी रंगाऱ्याने अख्खी सकाळ माझ्यासाठी राखून ठेवली. आधी मेन स्विच बंद केला. तळाचं पाणी सोडलं. मग फळी काढून पंपाचं बूच उघडलं आणि पान्याने जोड सैल केले. व्हॅक्यूम क्लीनरची नळी उलट्या बाजूला लावली की तो हवा फेकतो. ती नळी तो एकेका तोंडाला लावत गेला. हवा दुसरीकडून निसटू नये म्हणून सून शेजारच्या तोंडांवर ओलं फडकं दाबून धरत होती. मास्तर डोळे मिटून, माझ्या काठाला कान लावून बसले होते. एकविसावं तोंड झालं.

"झालं बाबा, निघू या," रंगारी म्हणाला. सवयीने त्याचं बोट तळाकडे गेलं होतं. मग त्याचं त्यालाच कळलं, आणि त्याने हात मागे घेतला.

"सतरावं बेसूर आहे," मास्तर म्हणाले.

"टब कधी बेसूर असतो होय?" सून हसली. "गाडी दारात उभी आहे, बाबा."

"राहू दे उभी. नळी कुठलीही असो, आत पाणी असलं की आवाज घोगराच येणार."

या वेळी रंगाऱ्याने वाद घातला नाही. त्याने सतराव्या तोंडाला पुन्हा हवा लावली. आधी नुसती गुळगुळ झाली, आणि मग पंपाच्या सैल जोडातून कपभर पाणी भसकन बाहेर आलं. त्यानंतर हवा स्वच्छ वाजली.

"आता सुरात आहे," मास्तर म्हणाले.

"मागच्या वर्षीच तुमचं ऐकायला हवं होतं."

"माझं नको रे ऐकूस. त्याचं ऐक," असं म्हणून त्यांनी मला थोपटलं. इतक्या वर्षांत मला कुणी थोपटलं नव्हतं.

थंडी सरल्यावर मला भरलं. रंगाऱ्याने माझ्याभोवती जमिनीवर पुठ्ठे पसरले होते. दोन दिवस तो गुडघ्यांवर रांगत ते तपासत होता. पुठ्ठे कोरडे राहिले.

उन्हाळ्यात नात आली. तिने काही विचारलं नाही, आजोबांनीही काही सांगितलं नाही. ते अर्धा तास माझ्यात बसले, मग पायरीवर गेले आणि त्यांनी वाजवलं. मधल्या मोठ्या खंडाने बोटं मंदावली होती, पण तिसरं बटण दबलं.

"एकदा चुकलात," नात म्हणाली.

"दोनदा," आजोबा म्हणाले. त्यांनी ट्रम्पेट तिच्या हातात दिलं आणि चाप दाबून फुंकायला शिकवलं. पाणी पायरीवर सांडलं. सुनेने फडकं आणलं नाही. पायरीवर बसलेला रंगारी नातीला म्हणाला, "अजून एकदा फुंक गं. आत राहतं."

मित्रांनो, मी काही थोर टब नाही. माझा रंग उडाला आहे, आणि दोन तोंडं कायमची बुजली आहेत. तुमच्याकडे मागणं एकच. माझ्यासारख्या कुणाला बंद करून निघालात, तर नुसतं वरून बोट फिरवून जाऊ नका. गाडी दारात उभी असली तरी जरा थांबा आणि कान लावा. त्या सकाळी एक म्हातारा माणूस थांबला, म्हणून उद्या सकाळी मला कामावर जायचं आहे.