मधला पट्टा

बाईंनी वाळक्या रोपाला धरून हलकासा हिसका दिला आणि ते अख्खं हातात आलं. मुळं काळी पडून बुळबुळीत झाली होती. बोटांना जे लागलं त्याला माती म्हणवेना. नाकाशी न्यायची गरजच नव्हती. रोप टाकून त्या मागे सरकल्या, तर चप्पल पचकन आत गेली.

शाळेतून निवृत्त होऊन त्या मुलाकडे, या नव्या इमारतींत राहायला आल्या होत्या. पण इथेही सगळे त्यांना बाईच म्हणत. कुंपणापलीकडे म्हशींचा गोठा होता, इमारतींच्या कितीतरी आधीपासूनचा. अशा शेजाराला लागून घरं बांधायची तर बांधणाऱ्याने मध्ये, स्वतःच्या जागेत, दाट झाडांचा पट्टा राखायचा असा नियम होता. पट्टा राखला गेला, झाडं मात्र जगेनात. लावली की वाळायची. आणि दुर्गंधी अशी की खिडकी उघडायची सोय नाही. गोठा हलवावा म्हणून अर्ज लिहिला तो बाईंनीच. दारोदार फिरून सह्याही त्यांनीच गोळा केल्या. आता गुरुवारी सरकारी साहेब पाहणीला येणार होते. तोवर पट्टा हिरवा दिसावा म्हणून नवी रोपं आणली होती, आणि ती कुठे लावायची ते बघायला बाई खाली उतरल्या होत्या.

त्यांनी काठीने चिखल बाजूला सारला. एका जाड पाइपाचं तोंड दिसलं. तो गोठ्याकडून आलेला नव्हता, इमारतींकडून आलेला होता. वर कुणीतरी संडासात पाणी सोडलं असावं. पाइपाने उचकी दिल्यासारखा आवाज केला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ओकला.

मुलगा सोसायटीचा सेक्रेटरी होता. बाई वर आल्या तेव्हा तो जेवत होता. त्यांनी पाहिलं ते सांगितलं, तरी त्याचा घास अडला नाही. मैल्याची टाकी लहान पडते, गटाराची जोडणी अजून मिळालेली नाही, तोवर तात्पुरती सोय म्हणून पाइप काढलाय, असं त्याने समजावलं. समितीत सगळ्यांना ठाऊक होतं. भात वाढणाऱ्या सुनेने मान वर केली नाही, तेव्हा तिलाही ठाऊक आहे हे बाईंना कळलं.

"मग अर्ज माझ्याकडून कशाला लिहून घेतलास?"

"तुझ्या शब्दाला वजन आहे, आई. आणि गोठ्याला वास नसतो असं थोडंच आहे?"

एकदा गोठा हलू दे, मग सगळं नीट जोडून घेऊ, तो म्हणाला. आत्ता बोभाटा झाला तर इथला फ्लॅट कुणी फुकटसुद्धा घेणार नाही. शिवाय ती जागा मोकळी झाली की तिथे बाग करायचं ठरलंय, तुलाच फिरायला होईल. बोलताना त्याच्या ओठाच्या कोपऱ्याला एक शीत चिकटलं होतं. एरवी त्यांनी हात पुढे करून ते पुसलं असतं. आता त्यांना तिकडे बघवेना. त्या ताटावर बसल्याच नाहीत.

दुपारी त्या गोठ्यात गेल्या. इतक्या दिवसांत आत पाऊल टाकायची ही पहिलीच वेळ. सवयीने त्यांनी श्वास रोखून धरला, आणि सोडला तेव्हा नाकात शिरला तो फिनेलचा उग्र भपकारा. म्हशी ओल्याचिंब उभ्या होत्या. गोठेवाली गुडघे टेकून फरशी घासत होती. बाईंना बघून ती गडबडीने उठली, स्टूल पुसून पुढे ठेवलं आणि स्वतः मात्र पार त्या टोकाला, दाराच्या आडोशाला जाऊन उभी राहिली. वाऱ्याच्या पलीकडच्या अंगाला. आपला वास बाईंना लागू नये म्हणून, हे बाईंच्या जरा उशिरा लक्षात आलं.

अर्ज झाल्यापासून ती जनावरं दोनदा धुवत होती, शेण पडलं की उचलत होती. फिनेलने म्हशींच्या पाठी सोलवटल्या होत्या. तिच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून चिरल्या होत्या. शाळेत पोरं नाक दाबून दाखवतात म्हणून नातीला आत्याकडे पाठवलंय, हेही तिने सांगितलं, तक्रार नसल्यासारखं. मग तिने विचारलं.

"बाई, तुम्ही खोटं बोलणार नाही म्हणून विचारते. अजून येतो का हो वास?"

बाई स्टुलावरून उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि तिच्या हातातला ब्रश काढून घेऊन खाली ठेवला.

"येतो," त्या म्हणाल्या. "चला, कुठून येतो ते दाखवते."

"तिकडे? मला कोण आत सोडेल?"

"मी आहे ना."

फाटकावरच्या रखवालदाराने दोघींकडे पाहिलं, मग वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत मुलगा येऊन उभा होता. त्याने आईला हाक मारली. बाईंनी ऐकली, पण चाल बदलली नाही. पट्ट्याशी आल्यावर त्यांनी साडी जरा वर धरली, आधी आपला पाय चिखलात टाकला आणि मागे हात दिला.

गोठेवाली पाइपाशी वाकली. त्याचं तोंड, त्याची दिशा, मग वरच्या खिडक्यांची रांग, असं तिने सावकाश पाहिलं. बाईंना वाटलं, आता ती शिव्या देईल, आणि त्या ऐकायला तयार होत्या.

तिने आपलेच दोन्ही हात उलटसुलट करून बघितले.

"मी धुवत होते हो," ती म्हणाली.