राखणदार डल्सी

टॅरिसाने डल्सीची गाडी जाळली होती, आणि आता डल्सीवाचून तिला रंगाला हात लावता येत नव्हता.

कोर्टाने तिला कोठडीऐवजी वाळवंटातल्या तिच्याच आदिवासी वस्तीच्या चित्रशाळेत धाडलं होतं. तिला एकच चित्र काढायचं होतं: बापाच्या मुलखातलं पाणी आणि त्याकडे चालत गेलेले एमू. बाप मागच्या साली वारला. मेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून त्याचं नाव आता कुणी घेत नसे. चित्रातली कथा बापाकडून येते, पण ती एकट्याने रंगवायची नसते. त्या घरच्या लेकींची लेकरं तिची राखणदार. शेजारी बसून बरोबर-चूक त्यांनी सांगायचं. असं माणूस एकच उरलं होतं, आतेबहीण डल्सी. पन्नाशीची, आणि गाडी गेल्यापासून घोरपडीच्या शिकारीला पायी जाणारी.

डल्सी आली आणि कॅनव्हासकडे पाठ करून बसली.

"ताई, सुरू करू?" ठिपके टाकायची काडी उचलून टॅरिसाने विचारलं.

"मला कशाला विचारतेस? गाडी पेटवताना विचारलं होतंस?"

रंग कालवणाऱ्या म्हाताऱ्या फिदीफिदी हसल्या. एक म्हणाली, "हिच्या हातात काडी कुणी दिली गं?"

टॅरिसाचे कान तापले. उठून जावं, तर कोठडी. आणि बापाचं पाणी कधीच कुणी रंगवणार नाही. ती काडीने ठिपके टाकत राहिली. डल्सी पाठमोरीच कांगारूची भाजलेली शेपटी चघळत होती. हिनं चुकावं, चारचौघींत तोंडघशी पडावं, याचीच ती वाट बघतेय, हे टॅरिसाला स्वच्छ कळत होतं.

आणि ती चुकलीच. एमूंची पावलं पाण्याकडे जायची ती उलटी निघाली.

म्हाताऱ्यांचं हसू थांबलं. बोलायचा हक्क त्यांना नव्हता. पण त्या चित्राकडे नव्हे, डल्सीकडे बघत होत्या. चुको कुणीही, बोल राखणदाराला लागतो. उद्या लोक म्हणतील, डल्सीनं आईचा मुलूख नासू दिला.

डल्सी वळली. "एमूंची बोटं कुठं चाललीत ती? तहानेनं मारतेस त्यांना?"

"बाबा असंच काढायचे."

"तुझा बाप माझ्या शिव्या खाऊन काढायचा. पूस ते."

टॅरिसाने ओल्या फडक्याने पुसलं. तिने पुन्हा काडी उचलली. डल्सीने तिचं मनगट धरलं, चोराचं धरावं तसं.

"पहिलं पाऊल इथून. हळू. पाणी लांब आहे. आणि गाडीचं मी विसरले नाही."

"हो, ताई."

"बोलू नकोस. ठिपका टाक."