पेरेइरासाहेब उतरले की नापास

पासो ओंदो गावात गाडीच्या परवान्याची परीक्षा पेरेइरासाहेब घेत, पण निकाल तोंडाने कधी सांगत नसत. उमेदवार चुकला की ते सीटबेल्टचं लाल बटण दाबत, दार उघडत आणि पोट सावरत ऑफिसाकडे चालू लागत. म्हणजे नापास. गाडी तेव्हा आवारात असो की भर चौकात, त्याची त्यांना पर्वा नसे. नेल्बाला त्यांनी असं दोनदा सोडलं होतं. दुसऱ्यांदा तर चर्चसमोर, लग्नाची मंडळी बाहेर पडत असताना!

आता ही तिसरी खेप. तिच्या नवऱ्याचे, दार्दोचे, डोळे इतके अधू झाले होते की त्याचा परवाना काढून घेतला होता, आणि त्यांच्या घरापर्यंत बस येत नसे. "या वेळी जमलं नाही तर गाडी मिल्टनला देऊन टाकू," दार्दोने जाहीर केलं होतं. मिल्टन हा त्याचा पुतण्या. रविवारी जेवायला यायचा आणि ताटापेक्षा गाडीच्या टायरांकडे जास्त बघायचा. नेल्बाला तो डोळ्यांसमोर नको व्हायचा. गाडी गेली की आपण दोघं मरेपर्यंत घरात एकमेकांची तोंडं बघत बसणार, याची तिला खरोखर धास्ती वाटत होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी चालकाशेजारच्या सीटचा पट्टा बक्कलात बसेना. पट्टा लागत नसेल तर पेरेइरासाहेब गाडीत पाय ठेवत नसत. नेल्बाने विणकामाची सुई घेतली आणि बक्कल उकरायला बसली. आतून येर्बाच्या चहाची पानं निघाली. वाळलेली, भिजून पुन्हा वाळलेली, साखरेने चिकटलेली. दुसरं काय निघणार? लग्न झाल्यापासून दार्दो गाडी चालवी आणि ती त्या सीटवर मांडीत थर्मास धरून भोपळ्याच्या पेल्यात त्याला येर्बा ओतून देई.

"एवढी येर्बा! दुकान टाकता येईल," दार्दो दारातून म्हणाला.

"खड्ड्यातून कोण नेत होतं?"

"ओतणाऱ्याचा हात स्थिर हवा."

"आणि चालवणाऱ्याचा नको का रे?"

कोमट पाण्याने धुतल्यावर बटण आत गेलं ते वर येईना. आतली स्प्रिंग गंजून तुटली होती. दार्दो पूर्वी ज्याने शब्दकोडी सोडवायचा त्या जुन्या बॉलपेनातली स्प्रिंग नेल्बाने काढली आणि ठाकूनठोकून तिथे बसवली. खट्! पट्टा लागला. बटण दाबताच सुटलाही. "इंजिनियर झालीस की," दार्दो म्हणाला. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी मिल्टनने दोघांना गाडीतून ऑफिसपर्यंत आणलं. नेल्बाच्या हातात किल्ली देताना म्हणाला, "काकू, संध्याकाळी मी गाडी घेऊनच जातो."

पेरेइरासाहेब बसले. खट् झालं. आवारातल्या दोन खांबांमध्ये गाडी मागे घ्यायची होती. नेल्बाने घेतली आणि डावा खांब हलला. साहेबांनी सुस्कारा सोडून लाल बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

"बाई, हे काय?"

"जरा जोर लावा, साहेब."

त्यांनी एका अंगठ्याने दाबलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, शेवटी कोपर टेकवलं. पट्ट्याखालून निसटावं तर पोट आडवं येत होतं. ऑफिसाच्या खिडकीतून हे पाहून एक कारकून कात्री घेऊन धावत आला.

"कात्री लावाल तर खबरदार!" नेल्बा ओरडली. "नवा पट्टा तुम्ही देणार का?"

"मग मी काय इथेच मुक्काम करू?"

"पूल आणि रेल्वे फाटक ओलांडलं की गॅरेज आहे. मी नेते."

"तुमच्याकडे परवाना नाही!"

"मग तुम्ही चालवा. या इकडे."

साहेबांनी हताश होऊन समोर बोट दाखवलं.

नापास तर झालोच आहोत, आता भ्यायचं कशाला, असं नेल्बाच्या मनात आलं. शिवाय हा माणूस उतरून जाऊच शकत नव्हता. कुणी सोडून जाणार नाही म्हटल्यावर तिचे हात आपोआप सैल पडले. अरुंद पुलाच्या मध्यावर समोरून गुरांचा ट्रक आला आणि हटून बसला. साहेब "ब्रेक! ब्रेक!" म्हणून ओरडत असताना तिने अख्खा अर्धा पूल गाडी सरळ मागे आणली, ट्रकला वाट दिली आणि ट्रकवाल्याच्या आईची चौकशीही केली.

"थर्मास पायाशीच आहे," ती म्हणाली. "हात रिकामे आहेत तर ओता की."

त्यांनी मुकाट्याने येर्बा ओतून पेला तिच्यापुढे धरला.

रेल्वेचं फाटक आलं. नेल्बाने गाडी सावकाश घेतली, तरी रुळांवर एक धक्का बसला आणि खट् झालं. पट्टा आपोआप सुटला. रूळ पार होताच तिने गाडी कडेला लावली. साहेबांचा हात सवयीने दाराच्या हँडलवर गेला होता. विनवण्या करायला तिला तोंड नव्हतं, आणि करायच्याही नव्हत्या.

साहेबांनी दाराकडे पाहिलं. मग त्या हलकट बक्कलाकडे पाहिलं. मग पट्टा ओढला आणि आपल्या हाताने पुन्हा लावला. खट्!

"साहेब, अहो, परत अडकेल!"

"वळवा गाडी. आणि पेला धरा, गार होतोय."

परत येईपर्यंत ते येर्बा ओतत राहिले, आणि निकाल विचारायचा धीर नेल्बाला झाला नाही. आवारात दार्दो बाकावर बसून होता. इंजिनाचा आवाज ओळखून तो चाचपडत आला तो थेट चालकाच्या दाराशी, आणि जुन्या सवयीने त्याने हँडल धरलं.

"झालं ना? चल, सरक पलीकडे."

साहेबांनी लाल बटण दाबलं. ते आत गेलं आणि आतच राहिलं. त्यांनी पुन्हा दाबलं आणि नाद सोडला.

"अहो, तुम्ही मागे बसा," ते दार्दोला म्हणाले. "मला गॅरेजात जायचंय. बाई नेतायत."

"तिच्याकडे परवाना कुठाय?"

"आहे."

"कधी मिळाला?"

"रेल्वे फाटकापाशी. आता बसा लवकर, मला पाय मोकळे करायचेत."

दार्दोचा हात बराच वेळ त्या हँडलवरून निघेना. नेल्बाला त्याची दया आली आणि स्वतःचा आनंदही झाला, दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्हींचं रडू येत होतं. मग तो गाडीला हात लावत लावत मागच्या दारापर्यंत गेला. दार लागल्याचा आवाज आला तशी तिने गाडी सुरू केली.