कुजक्या तुळईची अब्रू

शिक्षण हा समाजाचा पाया आहे आणि पायाच्या वर छप्परही असावं, याबद्दल सर्व पातळ्यांवर एकमत आहे. म्हणूनच जुन्या शाळांच्या दुरुस्तीचा वीस वर्षांचा आराखडा ठरला. आमच्या शाळेतल्या तिसरीच्या वर्गाची तुळई तेवढं थांबायला तयार नव्हती. वाळवीनं ती आतून पोकळ केली होती. पोरांच्या वह्यांवर दिवसभर भुसा पडायचा.

पाहणीला इंजिनियर येणार, सगळ्यात वाईट शाळा पहिल्या वर्षी घेणार, हे कळल्यावर मुख्याध्यापिका बाईंनी चार वर्षांत पहिल्यांदा सुटकेचा निःश्वास सोडला. पाहणीच्या सकाळी वर्गात पाऊल टाकलं, तर तुळई नव्यासारखी चकाकत होती.

खाली गावचे सुतार उभे होते. बाईंचे सख्खे मामा.

"मामा, हे काय केलंत?"

"खालून फळी मारली, वरून रंग दिला. माझ्या बापानं बसवलेली तुळई आहे. परका माणूस तिच्यात बोट घालून कुजली म्हणणार, आणि मी बघत राहू?"

"अहो, त्याला कुजकीच दाखवायची होती!"

"पाहुणा येणार म्हटल्यावर घर आवरतात, बाई. पसरून ठेवत नाहीत."

तेवढ्यात नांगरटीची ढेकळं तुडवत इंजिनियर आला. गुडघ्यापर्यंत धूळ, तोंड उन्हानं उतरलेलं. दोन दिवसांतली ही त्याची सहावी शाळा. त्यानं काठीनं तुळई ठोकली.

"आतून पोखरलीय ती," बाई म्हणाल्या. "खालची फळी कालची आहे."

"खरं का, काका?"

आम्ही सगळे मामांकडे पाहू लागलो. मामांनी मान वर करून तुळईकडे पाहिलं.

"माझ्या बापाचं काम आहे," ते म्हणाले.

इंजिनियरनं 'उत्तम' लिहिलं आणि प्यायला पाणी मागितलं.

बाई भांडल्या नाहीत. पोरांना भिंतीकडेला सरकवून त्यांनी पाढे सुरू केले. ते मामांना भांडणापेक्षा जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळी उचकटली, भाचीला घेतलं आणि एसटीनं थेट तालुक्याचं कार्यालय गाठलं. मांडीवर कुजक्या लाकडाचा तुकडा.

"फसवलं मी," मामा कारकुनाला म्हणाले. "हे बघा. चुरा होतोय."

कारकुनानं टेबलावरचा भुसा फुंकला. "शाळा अठराव्या वर्षात गेली, काका."

"मग पहिल्या वर्षात आणा."

"आराखडा वीस वर्षांचा आहे. रोज बदलला तर त्याला आराखडा कोण म्हणेल?"

परतीच्या वाटेवर मामा एवढंच म्हणाले, "उद्यापासून तिसरीची पोरं माझ्या कारखान्यात बसव. मी अंगणात रंधा मारीन."



तिसरीचा वर्ग आता तिथं भरतो. छप्पर पत्र्याचं आहे. ते गळतं.