दोन बोटं जास्त

पत्र एका पानाचं होतं आणि नकार दुसऱ्याच ओळीत होता. शुल्कमाफीचा अर्ज नामंजूर. कारण, कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेपेक्षा अधिक.

मुलीने ते मोठ्याने वाचलं आणि शिलाई मशीनवर, कात्रीखाली ठेवलं. आईचा पाय पायडलवरच थांबला.

"अधिक?" बाबा म्हणाले. ते बेकरीची गाडी चालवत आणि पहाटेची फेरी संपवून नुकतेच जेवायला बसले होते. "आपण श्रीमंत झालो आणि मला कुणी सांगितलंही नाही!"

"बाबा, गंमत नाही ही. माफी नाही तर रसायनशास्त्राची जागा गेली. फेरतपासणीसाठी शुक्रवारी चारपर्यंत मुदत आहे. आज बुधवार."

जागा तिने गुणांवर मिळवली होती. पण वर्षाची फी बाबांच्या पाच पगारांएवढी होती, आणि घरात पाच पगार एकत्र कधी कुणी पाहिले नव्हते.

तिने अर्जाची प्रत काढली. बाबांचा रकाना पगाराच्या चिठ्ठीशी जुळत होता. आईचा रकाना आईने स्वतः भरला होता, निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात. मुलीने तो आकडा बाराने भागला, मग एका पँटच्या शिलाईने.

"आई, तू महिन्याला चाळीस पँटी शिवतेस?"

"शिवते की."

"कधी?"

आई सुईत दोरा ओवण्यात एकाएकी फार गुंतली. "शाळा उघडल्या त्या महिन्यात पस्तीस झाल्या होत्या."

"आणि बाकीचे अकरा महिने?"

"अगं, इतकं काटेकोर कोण लिहितं? थोडी माया सोडली."

माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. आई प्रत्येक कपड्यात दोन बोटं माया सोडत असे. गिऱ्हाईक जाड झालं की शिवण उसवायची, कपडा सैल करून द्यायचा. या दोन बोटांवर तिचा धंदा उभा होता. हळूहळू ती सवय मशीनवरून उठून घरभर पसरली. चार माणसं जेवायला येणार असली की ती सहांचं शिजवी, आणि दहाच्या बससाठी साडेनवालाच थांब्यावर जाऊन उभी राही.

"कमाई तोकडी दिसली असती तर म्हणाले असते, ही काय पोरीला शिकवणार! म्हणून जरा ऐसपैस लिहिलं."

"आई, तिथे तोकडी असली तरच मदत मिळते!"

"मग हे उलटंच दुकान झालं."

"तिथे रडक्या तोंडाने जायचं असतं," बाबा म्हणाले. "मी येऊ का? माझं तोंड जन्मापासून तयार आहे."

आई हसली नाही. तिने पत्र कात्रीखालून काढलं, पुन्हा वाचलं, आणि घडी घालून आपल्या मापांच्या वहीत ठेवलं. "उद्या जाऊ," ती म्हणाली.

गुरुवारी कॉलेजच्या मदतखिडकीपुढे त्यांचा नंबर सव्वाअकराला लागला. खिडकीतल्या बाईंनी पत्र पाहिलं, मग चष्म्यावरून आईकडे पाहिलं.

"मर्यादा साडेतीन टक्क्यांनी ओलांडली आहे. चूक झाली असेल तर नवा आकडा तुमच्याच अक्षरात हवा, आणि त्याला आधार हवा. चौकशीत फरक निघाला तर मिळालेली माफीही जाते, ताई. तेव्हा बरोबर असेल तोच लिहा."

आईने पेन घेतलं. रकान्यावर ते बराच वेळ तरंगत राहिलं. मग तिने भराभर आकडा लिहिला आणि त्यावर हात ठेवला.

"हात काढ," मुलगी म्हणाली. तिने मनातल्या मनात भागाकार केला. "तेहतीस पँटी? आई, पुन्हा?"

"पूर्वीपेक्षा कमीच आहेत ना!" आई हळू आवाजात म्हणाली. "इतक्या माणसांसमोर अगदी उघडं पडल्यासारखं वाटतं गं."

मुलीने आईच्या पिशवीतून मापांची वही काढली. "कंबर बत्तीस असली तर यात तू काय लिहितेस?"

"बत्तीस."

"चौतीस का नाही?"

"वहीत खरंच माप लिहायचं असतं. माया कापताना सोडायची. वहीतच सोडली तर पुढच्या वेळी कोण केवढं होतं, हे कळणार कसं?"

बोलता बोलता ती थबकली.

"हा अर्ज म्हणजे वही आहे, आई. कापायचं काम कॉलेजचं."

आईने क्षणभर कागदाकडे पाहिलं. मग आकडा खोडला, शेजारी सही केली आणि म्हणाली, "मोज."

वहीत प्रत्येक पँटीला एक पान होतं, वर तारीख आणि गिऱ्हाइकाची खूण. मुलीने वर्षाची पानं दोनदा मोजली. दोन्ही वेळा तीनशे एकोणीस आली. आईने त्यावरून आकडा लिहिला. या वेळी हात ठेवला नाही.

बाई वही चाळू लागल्या. "कंबर छत्तीस. सहा महिन्यांनी अडतीस. आता एक्केचाळीस! हे कोण गृहस्थ?"

"ते नाही सांगणार, ताई. गिऱ्हाइकाची कंबर मी बाहेर काढत नाही."

बाई हसल्या. मग पानाच्या कोपऱ्यातल्या शिलाईच्या दरावर त्यांचं बोट थांबलं. "एवढ्यात शिवता? मी ब्लाउजला याच्या दुप्पट देते, आणि वर ही अशी बाही मिळते."

"मघापासून बघतेय," आई म्हणाली. "खांदा चुकलाय. घेऊन या."

"निकाल लागल्यावर. त्याआधी येणं बरं दिसणार नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पावतीवर शिक्का मारला. "निर्णय समितीचा. पण कागद आता ठाकठीक आहेत."

अकराव्या दिवशी पत्र आलं. तेही एका पानाचं, आणि मंजुरी दुसऱ्याच ओळीत. बाबांनी ते तीनदा वाचून घेतलं, तिसऱ्यांदा उभं राहून.

त्या दुपारी आईने पांढरं जाड कापड पसरलं. प्रयोगशाळेचा कोट शिवायचा होता. तिने मुलीचा खांदा, छाती, बाही मोजली आणि वहीच्या नव्या पानावर मापं जशीच्या तशी लिहिली. मग खडूने कापडावर रेघ ओढली.

"किती सोडलीस?" मुलीने विचारलं.

"तीन बोटं."

"नेहमी दोन असतात."

"चार वर्षं घालायचाय," आई म्हणाली, "आणि तिथलं कँटीन स्वस्त आहे म्हणे." तिने कात्री उचलली.