लिंबानं निवडलेलं औषध

सिरसाळ्याच्या बाजारात त्या दिवशी मेंढ्यांपेक्षा माणसांचीच दाटी जास्त होती. मधोमध गहिनीनाथबाबा. समोर मेंढरांच्या जंताच्या औषधाच्या बाटल्या, उजव्या हातात दोऱ्याला टांगलेलं लिंबू. दुकानातल्या बाटलीपाशी लिंबू ढिम्म राही. बाबांच्या मठातली बाटली आली, त्यांनी तिच्यामागं डावा हात धरला, की लिंबू सरळ तिच्याकडं झुके.

"दुनियेत नकली माल लई झालाय," बाबा सांगत. "कंपनी खोटं बोलंल, लिंबू न्हाई बोलणार."

लोक हात जोडत आणि मठातली बाटली घेऊन जात.

मेंढरं पाळणाऱ्या चतुराबाईनंही नेली होती. महिनाभर पाजूनही तिची तीन कोकरं जंतानं वाळून मेली. "तुजी श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाले. ते तिच्या मनाला फार लागलं. रिकाम्या बाटल्या घेऊन ती गुरांच्या डॉक्टर धनश्रीताईंकडं आली.

"ताई, माजं काय चुकलं?"

धनश्रीताईंनी दुकानातल्या दोन बाटल्या पुढं ठेवल्या. "यांच्या बुडावर अंगठा फिरवा."

"दोनीला सारकीच उठावाची अक्षरं हायत."

"आता तुमच्या बघा."

चतुराबाईनं एकेक चाचपली. "हिच्या बुडाला फूल हाय. ही गुळगुळीत. आन् हिच्या कागदाखाली दुसराच कागद लागतोय."

"एका साच्यातल्या बाटल्यांना सारखी खूण असते. या भंगारातून गोळा केल्यात." ताईंनी वरचा कागद भिजवून सोलला. खाली खोकल्याच्या औषधाचं नाव निघालं. तळाशी उरलेला थेंब साखरेच्या पाण्यासारखा चिकट होता. "श्रद्धा नाही, औषधच नव्हतं."

चतुराबाईनं बाटल्या परत पिशवीत भरल्या. मग म्हणाली, "बाजारात चला."

पुढच्या बाजारी धनश्रीताईंनी चार बाटल्या कागदात गुंडाळून बाबांपुढं मांडल्या. "यातल्या एकीतच खरं औषध आहे. लिंबाला ओळखू द्या."

बाबा घुटमळले. "कागदानं शक्ती अडती."

"काचंनं अडत न्हाई, कागदानं कशी अडंल?" चतुराबाईनं विचारलं. गर्दी हसली. आता बाबांना माघार घेता येईना. लिंबू दुसऱ्या बाटलीकडं झुकलं. कागद काढला, तर आत केसाला लावायचं तेल.

चतुराबाईनं लिंबू मागून घेतलं आणि विळ्यानं चिरलं. आतून लोखंडी खिळा निघाला. ताईंनी तो बाबांच्या डाव्या हातातल्या अंगठीजवळ नेला, तसा चटकन चिकटला.

"अंगठीत लोहचुंबक आहे," ताई म्हणाल्या. "हात नेला तिकडं लिंबू गेलं. कुठली बाटली कुठं, हे बाबांनाच माहीत नव्हतं, म्हणून आज चुकलं."

ताईंनी बोलावलेले पोलीस येईपर्यंत बाबांना कोणी हात लावला नाही. लोक आपापल्या बाटल्यांची बुडं चाचपण्यात गुंतले होते. चतुराबाई मधे बसून एकेकाला दाखवत होती.

औषध खरं की खोटं हे लिंबू सांगत नाही. झाकणाचं सील बघा, कागदाची कड बघा, बुडाची खूण दुसऱ्या बाटलीशी ताडून बघा, शंका आली तर डॉक्टरांना दाखवा. आणि एवढं करून गुण आला नाही, तर श्रद्धेला दोष देऊ नका. बाटली देणाऱ्याला जाब विचारा.